चित्र कसं झालं, हे विचारू या



ही व्याख्यानमाला एका चित्रकला-शिक्षकांच्या स्मृतीसाठी भरते, म्हणून इथे बोलण्याचा मान मला विशेष मोलाचा वाटतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांची चित्रकलेशी पहिली ओळख एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांमुळे झाली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द आपल्याला शाळेतच मिळाले. त्या वर्गात शिक्षक बाकांमधून फिरत आणि कुणाच्या तरी कागदावर वाकून विचारत, "ही सावली कशी आणलीस? आधी पाणी मारलंस की रंग?" चित्राचा अर्थ काय, असं त्या वर्गात कुणी विचारत नसे. तो प्रश्न आपण पुढे, मोठे झाल्यावर, प्रदर्शनाच्या दालनात शिकतो. तिथे चित्रकार समोर उभा असतो आणि आपण त्याला विचारतो, "यातून तुम्हाला काय म्हणायचंय?" आणि दुसरा ठरलेला प्रश्न, "तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे?"

पहिल्या प्रश्नाने चित्रकार अवघडतो. दुसऱ्यावर तो नावं सांगतो. सेझान, पिकासो, पॉल क्ले, मातीस. आपण ती नावं लिहून घेतो आणि चित्रकार समजला असं मानून घरी जातो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की, नावांच्या यादीत प्रभाव सापडत नाही. प्रभाव मुरतो तो चित्रकाराच्या हाताला लागलेल्या साहित्यात, पोटापाण्यासाठी केलेल्या कामात आणि त्याच्या राहत्या वस्तीत. तिथे मुरला तर त्याचं चित्र होतं, वरवर राहिला तर नक्कल होते. म्हणून चित्रकाराशी बोलायचं असेल तर आपल्या चित्रकलेच्या सरांचाच प्रश्न विचारायला हवा. हे कसं केलंत?

सुरुवात चित्रकार प्रभाकर बरवे यांच्यापासून करतो. बरवे यांचा जन्म १९३६चा, अलिबागजवळच्या नागावचा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांचं शिक्षण झालं आणि नंतर त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. हातमागाच्या कापडाला नवे आराखडे मिळावेत म्हणून सरकारने ही केंद्रं काढली होती. के. जी. सुब्रमण्यन, अंबादास यांच्यासारखे चित्रकारही या केंद्रांतून काम करून गेले. बरवे १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात काही वर्षं बनारसच्या केंद्रात होते. तिथे त्यांची तंत्रसाधनेतल्या आकृत्यांशी ओळख झाली आणि त्या त्यांच्या त्या काळातल्या चित्रांत उतरल्या. क्लेच्या चित्रांचा त्यांच्यावरचा प्रभाव तर त्याच्याही आधीचा. बरवे यांच्यावरच्या लेखांत या दोन गोष्टी हमखास येतात, आणि त्या खऱ्याच आहेत.

पण विणकामाचं काय? विणकरासाठी आराखडा काढणारा माणूस चौकटीच्या कागदावर काम करतो. तिथला प्रत्येक चौकोन म्हणजे ताणा-बाण्याची एक गाठभेट. कागदावर फूल काढलं आणि भोवतालची जागा कोरी ठेवली, तरी मागावर ती कोरी जागाही धाग्या-धाग्याने विणावीच लागते. कापडात रिकामं असं काही नसतंच. नक्षीला जितके धागे लागतात तितकेच नक्षी नसलेल्या जागेलाही लागतात. आता बरवे यांची १९७० नंतरची चित्रं आठवा. पान, सफरचंद, घड्याळ, टाचणी, एखादं अक्षर, एखादी नुसती बाह्यरेषा. मोठ्या सपाट अवकाशात या वस्तू एकमेकींपासून अंतर राखून असतात. त्यांच्यामधली जागा उरलीसुरली वाटत नाही, ती वस्तूंइतक्याच निगुतीने केलेली असते. ती जागा इतकी भरीव कशी, याचं उत्तर मला तंत्राच्या पोथ्यांपेक्षा मागावर जास्त सापडतं. हे माझं वाचन आहे. पण अनेक वर्षं जो माणूस रोज विणकरांसाठी आराखडे काढत होता, त्याच्या हाताने त्यातून काही घेतलं नसेल, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. बरवे यांनी कॅनव्हासवर इनॅमल वापरला. हा दारं-खिडक्यांना, डब्यांना, पाट्यांना लावायचा रंग. तैलरंग ब्रशचा फटकारा जपतो, चित्रकाराचा आवेग त्यात दिसतो. इनॅमल वाहता असतो. तो पसरून सपाट बसतो आणि ब्रशची खूण स्वतःत जिरवून टाकतो. ज्याला स्वतःची भावना कॅनव्हासवर फासायची नाही, वस्तू आणि तिचा अवकाश यांचा शांतपणे विचार करायचा आहे, त्याच्यासाठी याहून योग्य रंग कोणता? इथे साहित्याची निवड आणि विचार वेगळे काढता येत नाहीत.

आणि बरवे यांनी हा विचार मराठीत लिहून ठेवला. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक १९९०मध्ये मौज प्रकाशनाने काढलं. आकार, अवकाश, वस्तू आणि तिची प्रतिमा, चित्र सुरू होण्याआधीची मनाची स्थिती, यांबद्दल एक चित्रकार आपल्या भाषेत, कुणाचा आधार न घेता विचार करतो आहे, असं हे पुस्तक आहे. बरवे वर्षानुवर्षं रोजनिशा लिहीत. त्यांत मराठी मजकूर आणि रेखाटनं शेजारी-शेजारी येतात. १९९५मध्ये ते गेले. २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकी प्रदर्शन भरलं, तेव्हा या वह्या चित्रांच्या बरोबरीने लोकांसमोर आल्या. चित्रकाराने स्वतः लिहिण्याची ही परंपरा मराठीत जुनी आहे. चित्रकार रावबहादूर धुरंधरांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' लिहून जे. जे.मधला आपला काळ नोंदवला होता. बरवे यांनी त्या परंपरेला एक पाऊल पुढे नेलं. धुरंधरांनी कारकीर्द सांगितली, बरवे यांनी विचार कसा घडतो ते सांगितलं.

आता ठाण्याला येऊ. सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९चा, पुण्याचा. शिक्षण वैद्यकीय, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातलं. चित्रकलेच्या शाळेत ते गेले नाहीत. १९७०च्या दशकात ते मुंबईला आले आणि ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून २००५पर्यंत त्यांनी व्यवसाय केला. दिवसा एक्स-रे आणि उरलेल्या वेळात चित्रं, असा तीस वर्षांचा संसार. त्यांच्या घडणीबद्दल बोलताना सेझानचं नाव येतं, लेजेच्या धट्ट्याकट्ट्या कामगारांचं येतं, डाव्या विचारांचं येतं. १९८१मध्ये 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनात ते भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी यांच्यासोबत होते. माणूस आणि त्याचं ठिकाण यांना भारतीय चित्रात परत मध्यभागी आणायचं, हा त्या प्रदर्शनाचा आग्रह होता.

एक्स-रे वाचणं म्हणजे काय, ते पाहा. किरणांच्या वाटेत जे जे येतं, पुढची बरगडी, हृदय, मागची बरगडी, ते सगळं एकाच प्रतलावर एकमेकांवर पडतं. खोली नाहीशी होते. ती परत मिळवण्यासाठी डॉक्टर समोरून एक आणि बाजूने एक अशा दोन फिल्म घेतो, आणि दोन्ही मिळून शरीर मनात उभं करतो. पटवर्धनांचं 'लोअर परळ' हे २००१चं चित्र याच नजरेने बघण्यासारखं आहे. गिरण्यांच्या चिमण्या, नव्याने वर येणाऱ्या इमारती, पूल, रूळ, माणसं. हे सारं एका जागी उभं राहून दिसणं शक्य नाही. नजर वळते, वर चढते, खाली उतरते, आणि कित्येक ठिकाणांहून घेतलेली दृश्यं एका कॅनव्हासवर सांधली जातात. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगाव कसा विरत गेला आणि त्याच जमिनीवर दुसरं शहर कसं चढलं, ते दाखवायला एक कोन पुरेसा नव्हता. वस्तूकडे एकाहून अधिक बाजूंनी पाहण्याची वाट सेझानने दाखवली होती हे खरं. पण ती वाट ठाण्याच्या एका डॉक्टरच्या रोजच्या कामातून गेली, म्हणून ती लोअर परळला पोहोचली. प्रभाव मुरतो म्हणतो तो असा.

पटवर्धनांच्या माणसांबद्दलही हेच सांगता येईल. 'इराणी रेस्टॉरंट', 'ट्रेन' या सुरुवातीच्या चित्रांपासून त्यांची माणसं देखणी करून काढलेली नाहीत. त्यांच्या अंगाला वजन आहे, थकवा आहे. ती आपल्याकडे दयेची याचना करत नाहीत. रोज दवाखान्यात अनोळखी माणसांची शरीरं जवळून पाहणाऱ्याला जो आदर आणि जो अलिप्तपणा लागतो, तो इथे रंगात आला आहे.

घाटकोपरचे अतुल दोडिया हे वेगळ्या प्रकृतीचे चित्रकार. जन्म १९५९चा, जे. जे.चे पदवीधर. १९९१-९२मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला होते. ते आपले प्रभाव लपवत नाहीत, चित्रात उघड मांडतात. 'बॉम्बे बुकॅनिअर' हे १९९४चं चित्र घ्या. 'बाजीगर' सिनेमाच्या पोस्टरच्या धर्तीवर त्यांनी स्वतःला रंगवलं आहे. डोळ्यांवर काळा चष्मा आहे आणि चष्म्याच्या काचांत दोन चेहरे उमटले आहेत, एक ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीचा, दुसरा भूपेन खख्खरचा. आपण जग कुणाच्या नजरेतून पाहायला शिकलो, याची इतकी स्पष्ट कबुली क्वचितच कुणी दिली असेल. पण नीट पाहा, ही कबुली कशात बसवली आहे? हिंदी सिनेमाच्या पोस्टरात. हॉकनी आणि खख्खर उपनगरातल्या भिंतीवर आल्यावरच दोडियांच्या कामाचे झाले.

त्यांची शटरवरची चित्रं तर याचा कळस आहेत. दुकानाचं लोखंडी गुंडाळतं शटर मुंबईकराला जन्मापासून माहीत असतं. सकाळी ते वर जातं, रात्री खाली येतं. बंद असला, दंगल उसळली की ते भरदिवसा धाडकन खाली ओढलं जातं. १९९२-९३च्या दंगलींनंतरच्या मुंबईत त्या आवाजाची भीती घराघरांत होती. दोडियांनी हे शटरच चित्राची पाटी म्हणून निवडलं. त्यावर इनॅमलने रंगवलं आणि मागे दुसरं चित्र ठेवलं. 'महालक्ष्मी' या २००२च्या कामात शटर खाली असताना कॅलेंडरवर असते तशी महालक्ष्मी दिसते. शटर वर गेलं की मागे हुंड्याच्या धास्तीने गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. ही घटना प्रत्यक्ष घडलेली होती. लक्ष्मीची पूजा आणि लक्ष्मीपायी गेलेले जीव यांच्यामध्ये एक शटर आहे, आणि ते वर-खाली करता येतं. यावर वेगळं भाष्य लागत नाही. ज्या साधनाने चित्र केलं, त्यानेच ते बोललं.

नलिनी मलानी यांची गोष्ट शिकण्या-शिकवण्याची आहे. त्यांचा जन्म १९४६चा, कराचीचा. फाळणीत कुटुंबाला घर सोडून भारतात यावं लागलं. पुढे शिक्षण मुंबईत, जे. जे.मध्ये. काचेच्या मागच्या बाजूने चित्र रंगवण्याचं तंत्र त्यांनी भूपेन खख्खर यांच्याकडून शिकून घेतलं. आपल्याकडच्या बाजारांत देवादिकांची, नट्यांची, राजेरजवाड्यांची अशी काचचित्रं पूर्वी खूप विकली जात, आणि हे तंत्र चिनी व्यापाऱ्यांच्या मार्गाने इथे आलं होतं. म्हणजे एका चित्रकार मित्राकडून आलेल्या या प्रभावामागे बाजारातला कारागीर आहे आणि त्याच्याही मागे समुद्रावरचा व्यापार आहे.

हे तंत्र कसं चालतं ते कळलं की मलानी यांचं काम उलगडतं. कॅनव्हासवर आधी पार्श्वभूमी, मग आकार, शेवटी डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका. काचेवर हा क्रम उलटा. डोळ्यातला ठिपका आधी ठेवायचा, मग बुबुळ, मग चेहरा, सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. अक्षर लिहायचं तर उलटं लिहायचं. एकदा वरचा थर बसला की खालची चूक दुरुस्त होत नाही. मलानी यांनी हेच तंत्र मायलार या पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या नळकांड्यांवर आणलं. ती नळकांडी छताला टांगलेली असतात, फिरतात, त्यांच्यातून प्रकाश जातो आणि भिंतींवर सावल्या धावू लागतात. कॅसांड्रा, मेडिआ अशा जुन्या ग्रीक कथांतल्या स्त्रिया त्या सावल्यांतून पुन्हा पुन्हा समोर येतात. भविष्य दिसतं पण कुणी विश्वास ठेवत नाही, अशी कॅसांड्रा. फाळणीचा आणि नंतरच्या दंगलींचा इतिहास पाहिलेल्या चित्रकर्तीला ती जवळची वाटली यात नवल नाही. २०२३चा क्योटो पुरस्कार मलानी यांना मिळाला. त्या सन्मानात बाजारातल्या त्या अनाम काचचित्रकारांचाही वाटा आहे, असं मी मानतो.

आता विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यात जाऊ. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६चा, सास्ती गावचा. सास्ती म्हणजे कोळशाच्या खाणींचा प्रदेश. त्यांच्या कुटुंबातल्या पिढ्यांनी खाणीत काम केलं. खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात आणि मग बडोद्याला ते शिल्पकला शिकले. पण त्यांची ओळख झाली ती चारकोलने केलेल्या चित्रांमुळे, अनेकदा थेट भिंतीवर काढलेल्या, प्रदर्शन संपलं की पुसल्या जाणाऱ्या. त्यांच्या चित्रांत माणसाच्या डोक्याच्या जागी दिवा येतो, यंत्र येतं. माणूस आणि जमीन यांची अंगं एकमेकांत मिसळतात. डोंगर पोखरला जातो तसा देहही पोखरला जातो.

इथे एक बारकावा आहे. चित्रकाराचा चारकोल म्हणजे जाळलेलं लाकूड. खाणीतला कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षं जमिनीखाली दबलेलं अरण्य. दोन्ही मुळात झाडंच. पाचपुते भिंतीवर काळी रेघ ओढतात तेव्हा त्यांच्या बोटांना जे लागतं ते त्यांच्या घरच्यांच्या हातांना लागलेल्या काळ्याचंच सख्खं भावंड असतं. त्यांना हे साहित्य शोधत हिंडावं लागलं नाही. बडोद्यातलं शिक्षण, जगभरच्या चित्रांचं पाहणं, हे सारं त्या काळ्या रेघेपाशी येऊन ठरलं. आणि म्हणून ती रेघ चंद्रपूरपुरती राहिली नाही. वेल्समधल्या कार्डिफ इथे भरणाऱ्या 'आर्टेस मुंडी' या प्रदर्शन-पुरस्काराच्या नवव्या पर्वासाठी त्यांची निवड झाली. वेल्स हाही खाणकामगारांचा मुलूख. तिथल्या कामगारांचे लढे आणि आपल्याकडच्या खाणींचं वास्तव त्यांनी एकत्र पाहिलं. २०२१मध्ये त्या पर्वाचं पारितोषिक निवडलेल्या सहाही कलावंतांना मिळून देण्यात आलं. त्यांत सास्तीचा हा मुलगा होता.

कुणी म्हणेल, जे चित्रकार बोलतच नाहीत त्यांचं काय? वासुदेव गायतोंडे फार कमी बोलत आणि वर्षाला मोजकीच चित्रं करत. झेन विचाराशी त्यांचं नातं सगळे सांगतात. पण त्यांच्याही चित्रापाशी जायची वाट हातातूनच जाते. रोलरने रंग पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, कागदाचे तुकडे दाबून उचलायचे, थर बसू द्यायचा, थांबायचं. त्या थांबण्यात झेन आहे. सतीश नाईक यांच्या 'चिन्ह'ने गायतोंड्यांबद्दलच्या आठवणी, निरीक्षणं मराठीत जमवून ठेवली, तेव्हा त्या मौनाचीही नोंद झाली. हे काम एका मराठी नियतकालिकाने केलं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

या सगळ्यांतून मी काय घेतो? प्रभाव घेणं म्हणजे उसनवारी, हा आपल्याकडचा समज सोडून दिला पाहिजे. क्ले बरवे यांच्यासाठी होता तसा इतर शेकडो विद्यार्थ्यांसाठीही होता. सेझानचं पुस्तक हजारोंनी चाळलं. बरवे आणि पटवर्धन घडले, कारण बाहेरून आलेलं त्यांनी आपल्या रोजच्या कामाच्या मुशीत घातलं. त्याचबरोबर उलटा समजही सोडायला हवा. केवळ मातीतून आलं म्हणून चित्र थोर होत नाही. सास्तीच्या प्रत्येक घरात कोळसा आहे. त्याला रेघ व्हायला खैरागड लागलं, बडोदा लागलं, दूरदेशचं पाहणं लागलं. बाहेरचं आणि घरचं या दोहोंची गाठ पडणं हीच निर्मितीची प्रक्रिया. ती गाठ नेमकी कुठे पडली, हे फक्त चित्रकार सांगू शकतो, आणि आपण 'कसं' विचारलं तरच तो सांगतो.

म्हणून शेवटी आपल्याकडे तीन मागण्या करतो. पहिली शिक्षकांकडे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट हे गुणांचं साधन होऊन बसलं आहे. तो वर्ग पुन्हा हाताने विचार करायला शिकवणारा वर्ग होऊ द्या. दुसरी, या गावातल्या संस्थांकडे. २००८-०९च्या सुमारास सुधीर पटवर्धन यांनी पुढाकार घेऊन 'विस्तारणारी क्षितिजे' या प्रदर्शनातून समकालीन चित्रकारांची मूळ चित्रं महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरवली होती. छापील चित्रात इनॅमलची सपाटी कळत नाही, चारकोलची भुकटी दिसत नाही. मूळ चित्र गावात येईल अशी व्यवस्था पुन्हा करा, आणि त्यासोबत चित्रकारालाही बोलवा.

तिसरी मागणी तुम्हा-आम्हा रसिकांकडे आहे. आपल्या आसपास काम करणारे चित्रकार, शिल्पकार, छपाईकार आहेत. त्यांच्या स्टुडिओत जा. आधी काय केलंत, नंतर काय केलंत, काय पुसलंत, हा रंग का घेतलात, हे विचारा. ते जे सांगतील ते मराठीत लिहून ठेवा. बरवे यांनी स्वतः लिहिलं म्हणून आज आपल्याला त्यांच्याशी बोलता येतं. जे लिहिणार नाहीत त्यांच्या वतीने ते काम आपलं आहे, आणि ते त्यांच्या हयातीतच व्हायला हवं.